रंगमंदिरातील उपाहारगृह

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्याकडे बहुधा खाण्याची घाई झालेल्या माणसाची थट्टा करण्यासाठी वापरतात. परंतु थोडा विचार केला असता तिच्यात नुसती थट्टा नसून एक क्रम सांगितला आहे, असे दिसून येईल. अन्न आणि भजन यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, व त्यांपैकी अगोदर कोणाचा मान हे ठरविणे भाग आहे, एवढे तरी म्हण करणाराने ओळखले होते. आज हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो तो देवळात नव्हे, तर रंगमंदिरात. गायनाच्या बैठकीस जाणारा शहरातील सुशिक्षित गृहस्थ हल्ली सहकुटुंब तासभर अगोदर निघतो, रंगमंदिराच्याच आवारातील उपाहारगृहात जेवतो, आणि मग श्रोता होतो. गायनावर लिहिणारे टीकाकार गवयाच्या तानांचा हिशेब काटेकोरपणे ठेवतात. परंतु त्या ताना ज्या कानांवर पडल्या ते कान अर्ध्या घटकेपूर्वी कोठे होते, याची विचारपूस कोणी करीत नाही. वस्तुतः ही गोष्ट टीकेच्या कक्षेबाहेरची नाही. श्रोता कोणत्या मनःस्थितीत आसनावर येऊन बसतो, यावर बैठकीचे निम्मे यश अवलंबून असते. आणि ती मनःस्थिती घडविण्याचे काम आता उपाहारगृहाकडे गेले आहे.

हा विषय हलका आहे असे कोणास वाटल्यास त्याने भरतमुनींकडे जावे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना मुनींना दृष्टान्त सुचला तो जेवणाचा. नाना व्यंजनांनी संस्कारिलेले अन्न खाणारा सुमनस्क पुरुष जसा त्यातील रसांचा आस्वाद घेतो, तसाच प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. ‘रस’ आणि ‘आस्वाद’ हे आमच्या समीक्षेतील दोन्ही प्रमुख शब्द अशा रीतीने स्वयंपाकघरातून आलेले आहेत. तेव्हा पाकशाळा रंगशाळेच्या शेजारी आली म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी नाही. परंतु त्याच ग्रंथात पुढे प्रयोगाच्या वेळेचा विचार करताना मुनींनी निषिद्ध वेळाही सांगितल्या आहेत, आणि त्यांत मध्याह्न, मध्यरात्र व संध्यासमय यांच्या जोडीला भोजनाची वेळही आहे. दृष्टान्तासाठी भोजन हवे, पण प्रयोगाच्या वेळी ते नको, हा यातील विवेक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भुकेल्या माणसाचे चित्त पानाकडे असते व नुकत्याच जेवलेल्या माणसाचे उशीकडे. दोघांच्याही मध्ये गाण्याला जागा अशी थोडीच उरते.

आपल्या पूर्वजांनी हा नियम, तो वाचलेला असो वा नसो, पाळला होता खरा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले, व पुढे कित्येक वर्षे नाटके रात्रीची जेवणे आटोपल्यावर सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत चालत. घरी जेवावे, पान खावे, मग नाटकगृहाची वाट धरावी, असा क्रम होता. जेवण व नांदी यांच्यामध्ये चालण्याचे अंतर असे, आणि त्या अंतरात जेवण जिरे व मन रिकामे होई. खासगी बैठकांतही अन्नाचे स्थान ठरलेले होते. गवई गाण्यापूर्वी जड जेवत नसे. श्रोत्यांस मध्यंतरात चहा वा कॉफी मिळे, तीही यजमानाच्या घरची. कोजागिरीच्या बैठकीतले मसाल्याचे दूध हे तर चंद्र माथ्यावर येण्याच्या वेळेशी बांधलेले. अन्न गाण्याची वेळ पाही. गाण्याला अन्नाची वेळ पाहावी लागत नसे.

हा क्रम मोडला तो कोणाच्या अरसिकपणामुळे नव्हे. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यास त्यांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव आरंभिला, त्याच्या जुन्या बैठका रात्रभर चालत व पहाटेच्या रागांनी संपत. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकास बंदी केली, व वर्षातील थोड्या ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. उघड्या मंडपातल्या बैठका त्यामुळे दुपारी व संध्याकाळी सरकल्या. बंदिस्त सभागृहांस हा नियम तसा बाधत नाही. पण शहरे पसरली, घरे दूर गेली, आणि शेवटची गाडी चुकू नये या चिंतेने सभागृहांनीही तीच वेळ धरली. परिणाम असा की, भरतमुनींनी जी वेळ वर्ज्य सांगितली, नेमकी तीच आता गाण्याची वेळ झाली आहे. सहा-साडेसहाला बैठक सुरू व्हावयाची आणि साडेनऊ-दहाला संपावयाची, म्हणजे कचेरीतून सुटलेल्या माणसाने जेवावे तरी केव्हा? रंगमंदिरातील उपाहारगृह हे या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याची निंदा करण्यापूर्वी त्याची ही गरज मान्य केली पाहिजे.

आता या उपाहारगृहांचे प्रकार पाहू. पहिला प्रकार आमच्या जुन्या ओळखीचा आहे. दादरच्या शिवाजी मंदिराचे दार १९६५ साली उघडले, व तेथला बटाटेवडा नाटकाइतकाच प्रेक्षकांच्या जिभेवर राहिला. मराठी नाट्यगृह म्हटले की कढईतून निघालेला वडा, लसणाची चटणी व चहा ही त्रयी डोळ्यांपुढे येते. या खाण्याची टीका करावयाची तर तीत दोष अनेक निघतील. तेल फार, जागा अपुरी, गर्दीत कोपराने कोपर लागते. परंतु त्याचा एक गुण सर्व दोषांवर मात करतो. ते खाणे उभ्याने होते, पाच-दहा मिनिटांत होते, आणि घंटा झाली की संपते. वडा नाटकाच्या आज्ञेत असतो. शिवाय त्या गर्दीत पहिल्या रांगेचा प्रेक्षक व बाल्कनीचा प्रेक्षक एकाच कढईपुढे उभे राहतात, आणि झालेल्या अंकाविषयीचे पहिले खरे मत तेथेच उच्चारले जाते. जुहूस १९७८ साली उघडलेल्या पृथ्वी थिएटरच्या अंगणातील उपाहारगृहाचीही कीर्ती याच जातीची आहे. तेथे खाण्यापेक्षा बोलणे अधिक होते, आणि प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा येणारास आत घेत नाहीत, हा तेथील नियम प्रसिद्ध आहे. ज्या घराचे दार वेळेवर बंद होते, त्या घराच्या अंगणात कितीही चहा झाला तरी बिघडत नाही.

दुसरा प्रकार महोत्सवांच्या मंडपालगत मांडलेल्या खाद्यदालनांचा. यांच्याविषयी आमचे मत दुटप्पी नसले तरी दुहेरी आहे. सलग चार-पाच तास बसणाऱ्या श्रोत्यास, विशेषतः मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबास, त्यांची सोय मोठी वाटते. पण येथे घंटा नसते. दालन बैठकीच्या बरोबरीने चालू राहते, आणि ज्या गवयाचे नाव अजून मोठे झालेले नाही त्याच्या वेळी दालनातली गर्दी वाढते. तरुण गायक विलंबित ख्यालाची बढत करीत असता श्रोते एकामागून एक उठून खाण्याकडे जाताना दिसले, म्हणजे उपाहारगृह हे अभावितपणे टीकाकाराचे काम करू लागते. आणि ती टीका ऐकण्यापूर्वीच केलेली असते, म्हणून ती अन्यायाची होय.

तिसरा प्रकार अगदी नवा. मोठ्या शहरांत जी कलासंकुले उभी राहत आहेत, त्यांच्या पोटातच मेजे, खुर्च्या, छापील पदार्थपत्रिका व गणवेशातील वाढपी असलेले भोजनगृह असते. त्याची कारणमीमांसा कठीण नाही. सभागृह दिवसाचा बहुतेक वेळ रिकामे असते. नुसत्या तिकिटांवर त्याचा खर्च भागत नाही. भोजनगृह मात्र दोन्ही वेळा कमावते. तेव्हा गाण्याचा भार अन्नाने उचलावा, यात गैर काही नाही. परंतु जो भार उचलतो तो हळूहळू मालकी सांगू लागतो, हा संसाराचा नियम येथेही खरा ठरतो.

अशाच एका संकुलात, त्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे, अलीकडे आम्ही एका ख्यालगायनाच्या बैठकीपूर्वी जेवलो. आमच्याबरोबर जालना जिल्ह्यातील केदारखेडा गावचे एक वृद्ध टाळकरी होते. मुलाकडे शहरात आले होते, आणि ‘मोठं गाणं’ ऐकण्याची त्यांची इच्छा होती. अन्न चांगले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ते आले ते गाण्यास पंधरा मिनिटे उरली असता. सभागृहाची घंटा भोजनगृहात ऐकू येत नव्हती. ऐकू येत होते ते छतातून पाझरणारे निराळेच यांत्रिक संगीत. ज्यांस रागाचा पहिला स्वर ऐकावयाचा होता त्यांनी पान टाकून उठावे, ज्यांस पान टाकणे पाप वाटत होते त्यांनी स्वर सोडावा, अशी निवड प्रत्येक मेजावर चालली होती. आमच्या सोबत्यांनी पान टाकले नाही. सावकाश जेवून, हात धुऊन, ते आम्हांस म्हणाले, “सर, इथं आधी पंगत उरकून घेतात व्हय? आमच्याकडं काल्याच्या दिवशी गाणं झाल्याबिगर कुणी पान मांडत नाही. पोट भरल्यावर देवाला काय मागायचं?”

हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीच्या गाण्याइतकाच महत्त्वाचा वाटला. भोकरदन तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी असलेल्या केदारखेड्यासारख्या गावी कलासंकुल नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील सामान्य माणसास संगीत ऐकविले ते नाटक मंडळ्यांच्या तंबूंपेक्षा अधिक करून देवळाच्या सभामंडपाने व अखंड हरिनाम सप्ताहाने. सप्ताह म्हणजे त्या गावचा संगीत महोत्सवच होय. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, आणि पहारेकऱ्यांनी ती एकमेकांच्या हाती द्यावयाची. मंडपाच्या मागेच चूल पेटलेली असते. तेव्हा कार्यक्रमाच्या जागीच उपाहारगृह ही कल्पना त्यांस मुळीच नवी नाही. सप्ताहातील इतर दिवशी रात्रीच्या कीर्तनाअगोदर माणसे जेवूनही घेतात. परंतु शेवटच्या दिवशी क्रम उलटतो. काल्याचे कीर्तन आधी होते, मग दहीहंडी फुटते, दही-लाह्यांचा काला हातांवर पडतो, आणि त्यानंतर महाप्रसादाची पंगत बसते. आधी विठोबा, मग पोटोबा. ऐकताना लागलेली भूक व खाताना कानांत राहिलेला मृदंग या दोहोंनी त्या साध्या अन्नास जी चव येते, ती कोणत्याही पदार्थपत्रिकेत छापता येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कीर्तनकाराने कीर्तन केलेल्या ठिकाणचे अन्न घेऊ नये, असा दंडक तुकोबांनी घालून दिला आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे नाही. पण त्यामागील हेतू स्पष्ट आहे. गाणे व अन्न एकाच मंडपात असावे, मात्र एकाने दुसऱ्याची किंमत होऊ नये. श्रोत्यास अन्न मिळते ते गाण्याच्या मोबदल्यात नव्हे, आणि गायकास मान मिळतो तो अन्नाच्या रूपाने नव्हे. नव्या भोजनगृहात तिकीट व ताट यांची एकत्र विक्री होऊ लागली की हा पडदा गळून पडतो, आणि गाणे हे जेवणानंतरच्या मुखवासासारखे ताटाच्या कडेला येऊन बसते.

परंतु पंगतीची एकतर्फी स्तुती करणे आमच्या मनास पटत नाही. ज्या पंगतीचा आम्ही गौरव करीत आहोत, तीत बसण्याचा अधिकार सर्वांस होता काय? काल्याचा अर्थच मुळी सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालविणे असा असता, कित्येक शतके कित्येकांची पाने मंडपाबाहेर मांडली गेली. आणि स्त्रिया अजूनही पुष्कळ ठिकाणी शेवटच्या पंगतीस बसतात. उलट ज्या उपाहारगृहाला आम्ही दोष देतो, त्याने या बाबतीत मोठी कामगिरी केली आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्या चहापायी रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहून प्रायश्चित्ताचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. एका सभेनंतरचा एक पेला चहा समाजास इतका जड गेला होता! शहरातील उपाहारगृहांत शेजारी कोण बसला आहे हे न विचारता खाण्याची सवय पुढे हळूहळू लागली, व रंगमंदिराच्या वड्याने ती पक्की केली. पैसा टाकणारास जात विचारावयाची नाही, हा बाजाराचा नियम असला तरी त्याचे फळ धर्माचे होते.

म्हणूनच नव्या भोजनगृहाविषयी आमची मुख्य तक्रार रुचीची नसून न्यायाची आहे. जातीची पंगत मोडली, आता किमतीची पंगत बसू लागली आहे. शाळामास्तर, कारकून, परिचारिका, संगीताचा गरीब विद्यार्थी हे काटकसर करून मागच्या रांगेचे तिकीट काढतात. पण आवारातील जेवण त्यांच्या आवाक्यात नसते, आणि घरचा डबा आत नेण्यास पुष्कळ ठिकाणी बंदी असते. ते उपाशी ऐकतात, किंवा मध्यंतरानंतर निघून जातात. म्हणजे एकाच गाण्याचे दोन श्रोते होतात. एक पोट भरल्यामुळे पेंगणारा, दुसरा पोट रिकामे असल्यामुळे चुळबुळणारा. गवयास दोघेही उपयोगाचे नाहीत.

पाश्चात्त्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, हे पाहणे बोधप्रद होईल. लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानात अठराव्या शतकात वाद्यवृंदाभोवती भोजनाची दालने रचलेली होती. १७४९ साली हँडेलने आतषबाजीसाठी रचलेल्या संगीताच्या तालमीस तेथे लोकांची झुंबड उडाली. तरीही त्या उद्यानाची जी आठवण पुष्कळांच्या लेखनात राहिली, ती तेथील मांसाच्या कागदाहून पातळ कापांची व अवाच्या सवा किमतीची. १८५९ साली ते उद्यान बंद झाले. उलट वाग्नरने १८७६ साली बायरॉइट येथे जे नाट्यगृह उघडले, तेथे प्रयोग दुपारी सुरू होतो, अंकांच्या मध्ये तास-तासभराची विश्रांती असते, आणि ती संपत आली की सज्जातून तुताऱ्यांवर पुढील अंकातील स्वर वाजवून श्रोत्यांस आत बोलावतात. इंग्लंडातील ग्लाइंडबोर्न येथेही १९३४ पासून दीर्घ मध्यंतराची प्रथा आहे, आणि पुष्कळ लोक तेथे हिरवळीवर घरचा डबा उघडून बसतात. तेथील प्रेक्षकवर्ग श्रीमंत आहे व त्या थाटाचे अनुकरण आम्हांस नको. परंतु जेवणाची वेळ ही वेळापत्रकाचाच भाग मानून तीस मोकळी जागा दिली, आणि तिच्यावर अखेरची सत्ता स्वरांची ठेवली, एवढे शहाणपण घेण्यास हरकत कोणती? केदारखेड्याचा मृदंग व बायरॉइटची तुतारी यांचे येथे एकमत आहे.

असो. टीकाकाराने नुसते दोष दाखवून थांबू नये, असे आमच्या गुरुजनांनी आम्हांस शिकविले आहे. आमच्या मते रंगमंदिरातील उपाहारगृहाची परीक्षा चार गोष्टींनी करावी. पहिली, सभागृहाची घंटा तेथे स्पष्ट ऐकू येते की नाही, आणि बैठक सुरू होताच तेथले वाढप थांबते की नाही. दुसरी, तेथले अन्न हलके व लवकर मिळणारे आहे की नाही. उपमा, थालीपीठ, पिठले-भाकरी, ताक यांनी गाण्याचा जो उपकार होईल तो सात पदार्थांच्या थाटाने होणार नाही. तिसरी, मागच्या रांगेचे तिकीट काढणारास तेथे संकोचावाचून बसता येते की नाही. निदान त्यास पिण्याचे पाणी फुकट मिळते, आणि घरचा डबा उघडण्यास एखादा बाक मोकळा असतो की नाही. चौथी व सर्वांत महत्त्वाची, तेथे यांत्रिक संगीत वाजते की नाही. जेथे थोड्याच वेळात तंबोरा लागावयाचा आहे, तेथे दुसरे गाणे वाजविणे म्हणजे जेवणाऱ्याच्या तोंडात अगोदरच साखर कोंबण्यासारखे आहे. तंबोऱ्यापूर्वी थोडी शांतता ही श्रोत्याची खरी न्याहारी होय.

आणि चालकांस आणखी एक सुचवावेसे वाटते. वर्षातून एखादी तरी बैठक अशी करावी की, जेवण अखेरीस ठेवावे. तिकिटाचा भेद न ठेवता सर्व श्रोत्यांस साधेच अन्न एका पंगतीत, स्त्रीपुरुषांस बरोबरीने वाढावे. आणि गवयासही, त्याची इच्छा असल्यास, त्याच पंगतीत पान मांडावे. बैठक सायंकाळी पाचास सुरू करून आठास संपविली तर कायदाही आड येत नाही व शेवटची गाडीही चुकत नाही. भैरवी कानांत असताना शेजाऱ्याच्या पानावर भाकरीचा अर्धा वाटा घालणारा श्रोता दुसऱ्या दिवशी त्या भैरवीविषयी जे बोलेल, ते आमच्यासारख्यांच्या लेखांहून अधिक खरे असेल. पोटोबा आधी की विठोबा आधी, याचा निकाल गरजेप्रमाणे निरनिराळा लागेल, व तो तसाच लागावा. मात्र एक गोष्ट दोन्ही क्रमांत सारखी आहे. आपल्या म्हणीत ते दोघे शेजारी बसले आहेत, आणि एकाने दुसऱ्याला उठवून त्याची जागा घ्यावी, असे तिने कोठेही म्हटलेले नाही.